सगळे रंग एकाच प्लेटवर: चित्तूरचे कृष्णा रेड्डी पॅरिस आणि न्यूयॉर्कच्या चित्रकारांचे गुरू कसे झाले?

घरातली एखादी रंगीत लग्नपत्रिका हातात घ्या. त्यावरचा गणपती, तोरण, सोनेरी अक्षरं सगळं एका दमात छापल्यासारखं वाटतं. पण प्रेसवाल्याला विचारलंत तर तो सांगेल की प्रत्येक रंगाची प्लेट वेगळी असते. एका रंगावर दुसरा, दुसऱ्यावर तिसरा असं करत छपाई होते. एखादी प्लेट केसभर जरी सरकली तरी गणपतीचा डोळा गालावर येतो.

ही डोकेदुखी जुनीच आहे. राजा रविवर्मा यांनी १८९४ साली मुंबईत छापखाना सुरू केला आणि पुढं तो लोणावळ्याजवळ मळवलीला नेला. तिथं छापलेल्या लक्ष्मी-सरस्वती आपल्या पणजोबांच्या देवघरात पोचल्या. त्या चित्रांसाठीसुद्धा प्रत्येक रंगाचा दगड वेगळा असायचा.

मग एकाच प्लेटवर सगळे रंग लावायचे, कागद ठेवायचा आणि एकदाच दाब देऊन अख्खं रंगीत चित्र उचलायचं, असं होऊ शकतं का?

होऊ शकतं. हे करून दाखवणाऱ्या मोजक्या माणसांमध्ये दोन भारतीय होते. त्यातल्या एकानं हे तंत्र स्वतः तर वापरलंच, पण आयुष्यभर पॅरिस आणि न्यूयॉर्कमध्ये बसून जगभरातल्या पोरांना शिकवलं. त्यांचं नाव कृष्णा रेड्डी.

मुद्राचित्रणाच्या जगात हे नाव आदरानं घेतलं जातं. आपल्याकडं मात्र रझा, हुसेन, गायतोंडे ही नावं माहीत असणाऱ्या अनेकांनी रेड्डींचं नाव ऐकलेलं नसतं. असं का झालं, हे समजायला आधी त्यांचा प्रवास बघू.

चित्तूर ते शांतिनिकेतन

कृष्णा रेड्डी यांचा जन्म १९२५ सालचा. आजच्या आंध्र प्रदेशातल्या चित्तूर भागातलं एक खेडं हे त्यांचं गाव. चाळीसच्या दशकाच्या सुरुवातीला ते शांतिनिकेतनच्या कलाभवनात शिकायला गेले. तिथं त्यांना गुरू मिळाले नंदलाल बोस.

हा काळ साधा नव्हता. १९४२ चं चले जाव आंदोलन आणि १९४३ चा बंगालचा दुष्काळ, दोन्ही याच वर्षांतले. लाखो माणसं भुकेनं मेली. बंगालमध्ये तेव्हा चित्रकला शिकणाऱ्या पोरांच्या डोळ्यासमोर हे सगळं घडत होतं.

नंदलाल बोस यांची शिकवण्याची पद्धत वेगळी होती. झाडाचं चित्र काढायचं तर आधी झाड वाढतं कसं ते बघायचं. वरवरचा आकार उतरवून भागत नाही, आतली हालचाल कळली पाहिजे. हा धडा रेड्डींच्या कामात शेवटपर्यंत दिसतो. त्यांच्या चित्रांमधले मासे, किडे, पाण्याचे भोवरे, लाटा बघितल्या की काहीतरी आतून उमलत किंवा फिरत असल्यासारखं वाटतं.

स्वातंत्र्यानंतर ते मद्रासला आले आणि रुक्मिणीदेवी अरुंडेल यांच्या कलाक्षेत्रमध्ये कला विभाग सांभाळू लागले. म्हणजे त्यांची शिकवण्याची सुरुवात इथंच झाली. जे. कृष्णमूर्तींच्या विचारांचा प्रभावही त्यांच्यावर होता.

लंडन, पॅरिस आणि एक अजब कार्यशाळा

पन्नासच्या दशकाच्या सुरुवातीला रेड्डी लंडनच्या स्लेड स्कूलमध्ये दाखल झाले. त्यांना शिल्पकार व्हायचं होतं. हेन्री मूर यांच्यासारख्या शिल्पकाराचं मार्गदर्शन तिथं मिळालं. मग त्यांनी पॅरिस गाठलं. तिथं ते ओसिप झाडकीन यांच्याकडं शिल्पकला शिकले. पुढं इटलीत मिलानला मारिनो मारिनी यांच्याकडंही काम केलं.

थोडक्यात गडी शिल्पकार होणार हे जवळपास ठरलेलं होतं. पण पॅरिसमध्ये त्यांची गाठ पडली स्टॅनली विल्यम हेटर या इंग्रज माणसाशी.

हेटर मूळचे रसायनशास्त्राचे. तेल कंपनीतली नोकरी करून झालेली. नंतर ते कलेकडं वळले आणि १९२७ साली त्यांनी पॅरिसमध्ये एक छपाईची कार्यशाळा काढली. ती पुढं ज्या जागेत हलली तिचा घर नंबर होता १७, म्हणून नाव पडलं 'आतेलिए १७'.

पिकासो, मिरो, जाकोमेत्ती अशी मंडळी या कार्यशाळेशी जोडलेली होती. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात हेटर न्यूयॉर्कला गेले, तेव्हा तिथं जॅक्सन पोलॉकनंही त्यांच्याकडं काम केलं. १९५० मध्ये कार्यशाळा परत पॅरिसला आली आणि पुढच्या काही वर्षांतच कृष्णा रेड्डी तिथं पोचले.

इथं गुरू उंचावर आणि शिष्य खाली असा प्रकार नव्हता. नावाजलेला चित्रकार आणि कालच आलेला विद्यार्थी एकाच टेबलावर, एकाच प्रेसवर काम करायचे. कुणाला काही नवं सापडलं की ते सगळ्यांचं व्हायचं. बरेचसे लोक दुसऱ्या देशांतून आलेले. खुद्द हेटर परदेशी. त्यामुळं आंध्रातून आलेल्या माणसाला इथं परकं वाटण्याचं कारणच नव्हतं.

तेलाचा हात लावला की कणीक चिकटत नाही

आता मुख्य मुद्दा. एकाच प्लेटवर सगळे रंग कसे लावायचे?

हेटर चाळीसच्या दशकापासून याच्या मागं होते. पन्नासच्या दशकात कार्यशाळेत दोन भारतीय आले. एक कृष्णा रेड्डी आणि दुसरे कैको मोती. मोती मूळचे मुंबईचे. मुंबई आणि लंडनमध्ये शिकून तेही पॅरिसला आलेले. या मंडळींच्या प्रयोगांतून जे तंत्र तयार झालं, त्याला व्हिस्कॉसिटी प्रिंटिंग म्हणतात. व्हिस्कॉसिटी म्हणजे द्रवाचा घट्टपणा किंवा चिकटपणा.

तंत्र समजायला स्वयंपाकघरात चला. कणीक मळताना ती हाताला चिकटते. मग आपण काय करतो? हाताला थोडं तेल लावतो. तेलाचा थर असला की कणीक धरत नाही. कोरड्या परातीला मात्र ती घट्ट चिकटून बसते.

छपाईच्या शाईचंही तसंच. एका शाईत जवसाचं तेल जास्त घालून ती सैल करायची. दुसरी शाई घट्टच ठेवायची. सैल शाईचा थर जिथं आधी बसलाय, तिथं घट्ट शाई धरत नाही. ती फक्त मोकळ्या जागेवर बसते.

याला जोड मिळाली प्लेटच्या खोलीची आणि रुळांची. क्रम साधारण असा असतो.

१. जस्ताची किंवा तांब्याची प्लेट घेऊन ती कोरायची. अॅसिडनं, हत्यारांनी, घासून. एकाच प्लेटवर उंच, मधली आणि खोल अशा पातळ्या तयार करायच्या.

२. सगळ्यात खोल रेषांमध्ये पहिली शाई भरायची आणि वरचा भाग पुसून घ्यायचा.

३. कडक रूळ घेऊन सैल शाई फिरवायची. रूळ कडक असल्यामुळं तो दबत नाही, फक्त वरच्या उंच भागाला टेकतो.

४. मग मऊ रूळ घेऊन घट्ट शाई फिरवायची. हा रूळ दबून खालच्या पातळीपर्यंत पोचतो. उंच भागावर आधीच तेलकट शाई असल्यामुळं तिथं तो रंग धरत नाही, खाली मात्र बसतो.

५. ओलसर कागद ठेवायचा आणि प्रेसमधून एकदाच काढायचा.

झालं. तीन रंग, एक प्लेट, एक दाब. रंग सरकायची भीतीच नाही.

वाचायला सोपं वाटतंय, पण हाताला अवघड आहे. तेलाचं प्रमाण थोडं चुकलं की रंग एकमेकांत मिसळतात आणि चिखल होतो. क्रम उलटा झाला तरी तेच. पुढचा प्रिंट काढायचा तर प्लेट पुसून सगळं पुन्हा पहिल्यापासून.

शिल्पकाराचा हात इथं कामी आला

मग श्रेय कुणाचं? कला इतिहासात यावर वेगवेगळी उत्तरं मिळतात. कुणी हेटर यांचं नाव आधी घेतं, कुणी मोती आणि रेड्डी यांचं. ज्या कार्यशाळेत सापडलेलं सगळं सगळ्यांचं होतं, तिथं असं होणारच. तिघांचाही वाटा होता असं म्हणणंच प्रामाणिक ठरेल.

पण एक गोष्ट रेड्डींची खास. त्यांच्यासाठी प्लेट म्हणजे सपाट पत्रा नव्हता, ते एक छोटं शिल्प होतं. दरी, टेकडी, उतार असलेलं. शिल्पकलेचं शिक्षण वाया गेलं नाही, ते पत्र्यात उतरलं. त्यांची 'व्हर्लपूल' ही १९६३ ची कृती बघा. नाव भोवऱ्याचं आणि चित्रात पाणी खरंच फिरतंय असं वाटतं. रंग वेगळे चढवलेले वाटत नाहीत, ते एकमेकांतून उगवल्यासारखे दिसतात.

१९६८ मध्ये पॅरिसमध्ये विद्यार्थी रस्त्यावर उतरले. विद्यापीठं ताब्यात घेतली गेली, पोलिसांशी चकमकी झाल्या, लाखो कामगारांनी संप केला. त्या वर्षी रेड्डींनी 'डेमॉन्स्ट्रेटर्स' केलं, म्हणजे निदर्शक. चले जावच्या काळात कॉलेजात असलेला माणूस चाळिशी ओलांडल्यावर दुसऱ्या देशातल्या पोरांचं आंदोलन बघत होता. पुढं सर्कशीतल्या विदूषकावर त्यांनी केलेली 'ग्रेट क्लाऊन' ही कृतीही खूप गाजली.

१९७२ साली भारत सरकारनं त्यांना पद्मश्री दिली.

पॅरिसहून न्यूयॉर्क

आतेलिए १७ मध्ये शिकायला आलेले रेड्डी पुढं तिथंच शिकवू लागले आणि साठच्या दशकात हेटर यांच्यासोबत कार्यशाळेचे सहसंचालक झाले. अलीगढच्या झरीना हाश्मीही त्याच दशकात या कार्यशाळेत आल्या. पुढं त्या न्यूयॉर्कला स्थायिक झाल्या, जगभर नावाजल्या गेल्या आणि त्याही शिक्षिका झाल्या.

१९७६ च्या सुमारास रेड्डी अमेरिकेला गेले आणि न्यूयॉर्क युनिव्हर्सिटीत मुद्राचित्रण विभागाची जबाबदारी घेतली. पन्नाशीला आलेला माणूस पुन्हा एकदा नव्या देशात स्थलांतरित झाला.

तंत्र त्यांनी कधी लपवून ठेवलं नाही. १९८८ साली त्यांनी त्यावर पुस्तक लिहिलं. त्यात प्लेट, शाई, रूळ, तेल यांचा सगळा हिशोब मांडला. आज जगभरातल्या कला महाविद्यालयांत व्हिस्कॉसिटी प्रिंटिंग शिकवलं जातं.

२०१६ मध्ये न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन म्युझियमनं हेटर, रेड्डी आणि झरीना या तिघांचं एकत्र प्रदर्शन भरवलं. कार्यशाळा आणि तिचा वारसा हाच त्याचा विषय होता. २०१८ च्या ऑगस्टमध्ये न्यूयॉर्कमध्ये ९३ व्या वर्षी रेड्डींचं निधन झालं.

मग आपल्याला नाव का माहीत नाही?

एक कारण सरळ आहे. ते आयुष्याचा मोठा भाग परदेशात राहिले. पण झाडून सगळं खापर त्यावर फोडता येत नाही. रझाही अनेक दशकं फ्रान्समध्येच होते.

दुसरं कारण म्हणजे आपली एक समजूत. प्रिंट म्हटलं की आपल्याला झेरॉक्स आठवते. कॅनव्हासवर काढलेलं तेच खरं चित्र आणि प्रिंट म्हणजे त्याची नक्कल, असं आपण धरून चालतो. लिलावाच्या बातम्याही कॅनव्हासच्याच येतात.

रेड्डींच्या प्रिंटमागं मात्र दुसरं कुठलं 'मूळ चित्र' नसतं. चित्र जन्मतंच मुळी प्लेट आणि कागद यांच्या भेटीत. प्रत्येक प्रतीसाठी शाई नव्यानं चढते, त्यामुळं दोन प्रती जुळ्या भावंडांसारख्या असतात. सारख्या दिसल्या तरी एक नसतात.

पुढच्या वेळी जहांगीर आर्ट गॅलरीत किंवा कुठल्याही प्रदर्शनात गेलात तर प्रिंटच्या खालच्या कडेला बघा. पेन्सिलनं १२/५० असं काहीतरी लिहिलेलं दिसेल. म्हणजे एकूण ५० प्रती आणि ही बारावी. शेजारी कलाकाराची सही असते. 'ए/पी' दिसलं तर ती कलाकारानं स्वतःसाठी काढलेली प्रत. आणि एकाच प्रिंटमध्ये रंग एकमेकांत मुरल्यासारखे दिसले, कागदावर प्लेटचा दाबलेला चौकोन जाणवला, तर गॅलरीवाल्याला बिनधास्त विचारा, "ही व्हिस्कॉसिटी आहे का?"

उत्तर हो आलं, तर समजा की ते तेलाचं गणित पॅरिसमधल्या एका टेबलावर जमलं होतं आणि त्या टेबलाशी चित्तूरचा एक आणि मुंबईचा एक असे आपले दोन जण उभे होते.