गढूळ पाणी का निवळत नाही?

पावसाळ्यात हंड्यातील गढूळ पाणी रात्रभर ठेवूनही पुरते निवळत नाही. मातीच्या अतिसूक्ष्म कणांवर ऋण विद्युतभार असतो. त्यामुळे ते परस्परांना दूर लोटीत तरंगत राहतात. मॉस्को येथे रॉइस यांनी ओल्या चिकणमातीत पाण्याने भरलेल्या काचनळ्या रोवून वीज सोडली, तेव्हा धन टोकाकडील पाणी गढूळ झाले. हा प्रयोग १८०९ साली प्रसिद्ध झाला.

धन टोकास लोखंडाची वा ॲल्युमिनियमची पट्टी जोडल्यास कण तिच्याकडे ओढले जातात. पट्टीतून सुटणारे धनभारित आयन त्यांचा भार शमवितात. मग अगदी निकट आलेल्या कणांतील मूळचे आकर्षण प्रभावी ठरून धातूवर मातीचा थर बसतो. घरोघरची तुरटी हेच कार्य विजेवाचून करते. गुण तिच्यातील ॲल्युमिनियमचाच! कणांच्या आड रोगजंतूंना क्लोरिनपासून आश्रय मिळतो. म्हणून ग्रामपंचायतींनी पाणी प्रथम निवळून घ्यावे आणि नंतरच त्यात ब्लीचिंग पावडर टाकावी.