नळीतला बसथांबा

बस उशिरा का पोहोचते? ट्रॅफिकमुळे, असं आपण पटकन म्हणतो. पण एकदा थांब्यावर घड्याळ लावून बघा. एक आजी दांडा धरून उंच पायरी चढतायत, त्यांच्यामागचा सुटे पैसे शोधतोय आणि आतले चाळीस जण खोळंबलेत.

ब्राझीलमधल्या कुरितिबाने नेमकं हे हेरलं. शहर झपाट्याने फुगत होतं आणि मेट्रो परवडणारी नव्हती. मग 1974 मध्ये मोठ्या रस्त्यांच्या मधोमध बससाठी वेगळी मार्गिका आखली. 1991 साली आले काचेच्या नळीसारखे थांबे. तिकीट नळीत शिरतानाच काढायचं. नळीची जमीन बसच्या जमिनीला समपातळीत. बस आली की दारातून फळी पडते आणि एका खोलीतून दुसऱ्या खोलीत जावं तसे लोक आत. पुढच्याच वर्षी 25 मीटर लांबीच्या, तीन डब्यांच्या बस धावू लागल्या.

खरी मेख मात्र नकाशात आहे. उंच इमारतींना परवानगी याच बसमार्गांच्या कडेने; जसजसं दूर जाल तसतशा इमारती बुटक्या. म्हणजे प्रवासी आधीच थांब्याशेजारी राहायला! आपल्याकडे आधी टॉवर उभे राहतात, मग बससाठी अर्ज-विनंत्या. पुण्याने 2006 मध्ये बीआरटी, म्हणजे बससाठी वेगळी मार्गिका, सुरू केली. त्या मार्गिकेत दुचाक्या कशा घुसल्या, हे पुणेकरांना सांगायला नको.

कुरितिबातही आता घरोघरी मोटारी आल्यात. तरी लाल बस नळीला येऊन टेकते आणि काही सेकंदांत निघते.