कोपऱ्यात बसलेला कॉकटिल

दादरमधील एखाद्या सदनिकेत नवा पक्षी येतो तो बहुधा वार्षिक परीक्षेनंतरच्या सुट्टीत. मुलांनी हट्ट धरलेला असतो, वडिलांनी निकालाच्या बोलीवर होकार दिलेला असतो, आणि एका संध्याकाळी भोके पाडलेल्या पुठ्ठ्याच्या खोक्यातून राखाडी अंगाचा, पिवळसर तुऱ्याचा, गालावर केशरी टिकली मिरवणारा कॉकटिल घरात दाखल होतो. पहिले दोन दिवस कौतुकात जातात. तिसऱ्या-चौथ्या दिवशी ध्यानी येते, की पक्षी दांडीच्या टोकाला, भिंतीकडे सरकून बसला आहे. हात जवळ नेला तर फुत्कारतो. हौसेने टांगलेल्या झोपाळ्याकडे ढुंकूनही पाहत नाही. मग ‘पक्षीच माणूसघाणा निघाला’ असा निवाडा होतो, मुलांचा उत्साह ओसरतो आणि पिंजरा गॅलरीत सरकतो. नीट सांभाळल्यास पंधरा-वीस वर्षे जगणाऱ्या या जिवाच्या वाट्याला तेथे निव्वळ एकांतवास येतो.

हा निवाडा घाईचा आहे. कॉकटिल मूळचा ऑस्ट्रेलियाच्या अंतर्भागातील रुक्ष माळरानांचा रहिवासी, काकाकुव्याच्या कुळातील सर्वांत लहान सदस्य. वजन जेमतेम ऐंशी ते शंभर ग्रॅम. थव्याने राहणारा, जमिनीवर उतरून गवताचे बी टिपणारा आणि ससाण्याची सावली पडताच थव्यासह उडून जाणारा. आपण विकत आणतो ते पक्षी पिढ्यान्‌पिढ्या पिंजऱ्यातच जन्मलेले असतात हे खरे. तथापि भयाची ही उपजत समज काही पिढ्यांत पुसली जात नाही. भावंडांपासून तोडून एकटाच परक्या घरात आणलेल्या पिलाला वरून झेपावणारा मानवी हात शिकारी पक्ष्याच्या पंजासारखाच भासणार. त्याने कोपरा धरणे हा त्याचा शहाणपणा होय.

मात्र एक गोष्ट सर्वांआधी. गप्प बसलेला प्रत्येक पक्षी भ्यालेलाच असतो असे नाही. तो आजारी असू शकतो. पक्षी आपले दुखणे शक्य तितके लपवतात, कारण थव्यातील दुबळा जीव शिकाऱ्याच्या प्रथम नजरेत भरतो. दिवसभर पिसे फुगवून बसणे, पिंजऱ्याच्या तळाशी उतरणे, प्रत्येक श्वासागणिक शेपटी वरखाली होणे, विष्ठेचा रंग वा घट्टपणा बदलणे, यांपैकी काहीही दिसल्यास खेळणी आणि शिकवण बाजूला ठेवून पशुवैद्य गाठावा. दादरकरांस त्यासाठी फार दूर जावे लागत नाही. १८७४ साली स्थापन झालेल्या प्राणी-क्रूरता प्रतिबंधक संस्थेचे परळ येथील बाई साकरबाई दिनशॉ पेटिट रुग्णालय, म्हणजेच जुन्या माणसांचे ‘बैलघोडा हॉस्पिटल’, हाकेच्या अंतरावर आहे. घरी ग्रॅमचा काटा असेल तर पक्ष्याचे वजन आठवड्यातून दोनदा वहीत टिपावे. रोजमेळ लिहिणाऱ्या घरांना हे जड जाऊ नये. वजनात दहावा हिस्सा घट म्हणजे धोक्याची सूचना समजावी.

दुसरा प्रश्न, पक्षी कोणता? आपला हिरवा, लाल चोचीचा राघू हा भारतीय वन्य पक्षी आहे. वन्यजीव संरक्षण अधिनियम, १९७२ मध्ये २०२२ साली झालेली सुधारणा १ एप्रिल २०२३ पासून अमलात आली आणि राघू दुसऱ्या अनुसूचीत गेला. त्यास पकडणे, विकणे वा पाळणे हा गुन्हा आहे. तरीही माघ-फाल्गुनात झाडांच्या ढोल्यांतून पिले काढली जातात आणि टोपल्यांतून विकली जातात. आजोबांच्या काळी वाड्यावाड्यांत राघू असत, हा युक्तिवाद कायद्यापुढे टिकत नाही. असे पिलू घरात आलेच असेल तर त्याला माणसाळवण्याच्या खटपटीत न पडता वनविभागाच्या १९२६ या क्रमांकावर कळवावे. कॉकटिल, बजरीगर यांना ही बंदी नाही. आफ्रिकन ग्रे, कोन्युर यांसारख्या विदेशी पोपटांची मात्र २०२४ च्या नियमांनुसार वनविभागाकडे ऑनलाइन नोंदणी करणे बंधनकारक आहे.

आता मूळ मुद्दा. पक्ष्याशी कसे वागावे हे सांगणारी पाश्चात्त्य पुस्तके पुष्कळ आहेत. परंतु तत्त्वार्थसूत्राच्या सातव्या अध्यायात अहिंसाणुव्रताचे जे पाच अतिचार सांगितले आहेत, त्यांच्याकडे पिंजऱ्यासमोर उभे राहून पाहिले तर पाश्चात्त्य शिक्षकांनी अलीकडे सांगितलेले पुष्कळसे त्यांत आधीच सापडते. बंध, वध, छेद, अतिभारारोपण आणि अन्नपाननिरोध. बैल-घोड्यांच्या काळात रचलेली ही यादी चिमुकल्या कॉकटिललाही तंतोतंत लागू पडते.

छेद घ्या. नवा पक्षी उडून जाऊ नये म्हणून विक्रेते त्याच्या पंखांची पिसे कातरून देतात. पूर्ण वाढलेल्या पिसाला वेदना नसते असे ते सांगतात, आणि शरीरशास्त्राच्या दृष्टीने ते चूक नाही. पण उडून दूर जाणे हा भ्यालेल्या पक्ष्याचा एकमेव सभ्य नकार असतो. तो काढून घेतला की उरतो चावा, किंवा मग दगडासारखे निश्चल बसणे, ज्याला आपण भाबडेपणाने ‘शांत झाला’ म्हणतो. अन्नपाननिरोधाचेही तसेच. भुकेला ठेवला की हातावर येईल, हा सल्ला आजही सर्रास दिला जातो. एवढ्याशा देहात साठा तो किती? त्याला उपाशी ठेवणे म्हणजे त्याच्या प्राणांशी खेळणे. भुकेचा नव्हे, आवडीचा आधार घ्यावा. वाटीत रोजचे पूर्ण अन्न असावे आणि त्याला सर्वांत आवडणारा एकच पदार्थ, बहुधा राळ्याचे कणीस, वाटीत कधीही न ठेवता केवळ आपल्या हातून मिळावा. पंधरा पंधरा मिनिटे शिकवणी घेणे हे अतिभारारोपण. तीन-चार मिनिटे, दिवसातून दोनदा, एवढे पुरे. पक्षी कंटाळण्यापूर्वी आपण थांबावे.

पिंजरा एका बाजूने भिंतीला टेकलेला असावा, म्हणजे पाठीमागून कोणी येणार नाही ही शाश्वती पक्ष्याला राहते. तो माणसांच्या वावरातील खोलीत, बसलेल्या माणसाच्या डोळ्यांच्या उंचीवर ठेवावा. स्वयंपाकघरात कदापि नको, आणि दादरसारख्या ठिकाणी गॅलरीतही नको, कारण तेथे कावळे आणि मांजरी दिवसभर फेऱ्या घालतात. पहिला आठवडा हात आत घालायचा तो केवळ अन्नपाणी व सफाईपुरता. एरवी पिंजऱ्यापासून चार-पाच फुटांवर, त्याच्याकडे तिरके बसून मोठ्याने वाचावे. काय वाचता हे पक्ष्याच्या लेखी गौण. स्वाध्याय करा, वर्तमानपत्र वाचा, नाहीतर उधारीची यादी. आवाज एकसुरी आणि माणूस निश्चल, एवढेच त्याला हवे असते.

त्याचा तुरा वाचायला शिका. तुरा डोक्याला चपटा चिकटलेला आणि सोबत फुत्कार, म्हणजे ‘मागे सरा’. ताठ उभा, म्हणजे सावध. सैलसर, किंचित मागे झुकलेला, म्हणजे स्वस्थ. निजण्यापूर्वी चोचीवर चोच घासल्याचा बारीक कर्र आवाज येऊ लागला तर तो पक्षी त्या घरात निर्धास्त झाला आहे असे खुशाल समजावे. आपण जवळ सरकताना तो मागे कलला तर तेथेच थांबून एक पाऊल मागे यावे. ‘नको’ म्हटल्यावर हा माणूस ऐकतो, हे एकदा पटले की पुढील वाट सोपी होते. ही गोष्ट मुलांना मोठ्यांपेक्षा लवकर समजते, असा माझा अनुभव आहे.

मग राळ्याचे कणीस गजांतून धरावे, लांब टोकाकडून. काही दिवसांनी टोक आखूड करीत बोटांपर्यंत आणावे. त्यानंतर आइस्क्रीमची स्वच्छ काडी पुढे करावी. पक्ष्याने कुतूहलाने तिला चोच लावली, की तत्क्षणी एकच ठरावीक शब्द उच्चारून एक दाणा द्यावा. काडी डावीकडे, उजवीकडे, मग दाराबाहेर, आणि अखेरीस तळहातापलीकडे अशी नेली की पक्षी स्वतः होऊन हातावर पाऊल ठेवतो. याला एका घरात तीन आठवडे लागतात, दुसऱ्या घरात सहा महिने. हातमोजे, टॉवेल टाकून धरणे, मुठीत दाबून ‘सवय लावणे’ या साऱ्या खटपटी महिन्याची कमाई एका मिनिटात घालवतात. हातावर आल्यानंतरही कुरवाळायचे ते फक्त डोके व मान. पाठीवरून आणि पंखांखालून हात फिरवल्यास पक्ष्याच्या शरीरात विणीच्या प्रेरणा जाग्या होतात आणि त्यातून चिडचिड व मादीच्या बाबतीत अवेळी अंडी असे त्रास उद्भवतात.

पक्षी पाहून शिकतो, हेही ध्यानात ठेवण्याजोगे आहे. अमेरिकेतील संशोधिका आयरीन पेपरबर्ग यांनी १९७७ साली शिकागोतील एका दुकानातून ॲलेक्स नावाचा आफ्रिकन ग्रे पोपट घेतला. २००७ मध्ये तो निवर्तला तोवर शंभरावर शब्द, सात रंग आणि सहापर्यंतची मोजणी त्याला अवगत होती. त्याच्यासमोर दोन माणसे एखादी वस्तू एकमेकांना मागत, नाव घेत, देत. पोपट नुसता पाहत असे आणि मग त्या संवादात स्वतः शिरण्याची त्याला ओढ लागे. भित्र्या कॉकटिलसाठी हीच युक्ती वापरावी. पिंजऱ्यापासून काही अंतरावर भावंडांनी जमिनीवर बसून कागदाचा बोळा इकडून तिकडे लोटावा, हसावे, पक्ष्याकडे मुळीच पाहू नये. न्यूझीलंडमधील किया पोपटांना त्यांच्याच खेळातील आवाजांचे ध्वनिमुद्रण ऐकवले असता शांत बसलेले कियाही खेळू लागले, असे २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात दिसून आले. खेळ संसर्गजन्य असतो.

दुकानातील रंगीत खेळण्यांपेक्षा घरातील वस्तू अधिक उपयोगी. कोऱ्या कागदाच्या पुडीत चार दाणे बांधून द्यावेत (दुकानातील बिलांचा चकचकीत थर्मल कागद नको, त्यावर रसायनाचा थर असतो). मक्याच्या कणसाची वाळलेली साले, नारळाच्या झाडूची स्वच्छ हिराची काडी, सुपारीच्या पानाच्या द्रोणाचा तुकडा, बांबूची पट्टी, हे सारे चोचीने कुरतडण्यासारखे. सुटे धागे असलेली दोरी मात्र टाळावी, कारण त्यात बोटे अडकून रक्तप्रवाह थांबतो. घुंगराच्या फटीतही तेच भय. नवी वस्तू थेट पिंजऱ्यात टांगू नये. ती आधी खोलीत दूर ठेवावी आणि दररोज थोडी जवळ आणावी. एकट्या पक्ष्याला आरसा देणे मला पसंत नाही. जो जोडीदार कधीच उत्तर देत नाही त्याच्यामागे तो दिवसचे दिवस घालवतो.

घरच्या शिस्तीचा एक लाभ आपल्याकडे आपोआप आहे. कांदा-लसूण पक्ष्यांना अपायकारक, ते घरात येतच नाहीत. सूर्यास्तानंतर न जेवणाऱ्या कुटुंबात दिवे लवकर मंद होतात, आणि पक्ष्याला दहा-बारा तासांची झोप हवीच असते. खोली पूर्ण काळोखी न ठेवता एखादा मंद दिवा असावा, कारण कॉकटिल रात्री दचकून पिंजऱ्यात धडपडतात. आहार केवळ दाण्यांचा असू नये. कोथिंबीर, शेवग्याचा पाला, लाल भोपळा यांतून अ जीवनसत्त्व मिळते. खाखरा, फरसाण, चॉकलेट, चहा आणि अव्होकाडो वर्ज्य. नॉनस्टिकचे भांडे अतितप्त झाले तर त्याचा वास आपल्याला जाणवण्याआधी पक्षी दगावू शकतो. धूप, कापूर, डासांची अगरबत्ती यांचा धूरही त्याच्या फुप्फुसांना सोसत नाही. पिंजऱ्याचे दार उघडण्यापूर्वी छताचा पंखा बंद आहे ना, हे दोघांनी पाहावे. आणि कॉकटिलच्या पिसांतून पांढरी भुकटी सतत झडते, म्हणून घरात दम्याचा रुग्ण असेल तर पक्षी आणण्यापूर्वीच डॉक्टरांना विचारणे इष्ट.

सारे करूनही एखादा पक्षी माणसाच्या जवळ येत नाही. तेव्हा दुसरा कॉकटिल आणणे हा प्रामाणिक उपाय आहे; निदान महिनाभर त्याला वेगळ्या खोलीत ठेवून, निरोगी असल्याची खात्री करून मगच शेजारी आणावे. दोघे एकमेकांत रमले तर आपल्याकडे कमी लक्ष देतील. ते सोसावे. आपल्या करमणुकीपेक्षा त्याचे सुख मोठे, हे मान्य नसेल तर पक्षी आणूच नये.

‘मग सोडून द्यावा, जीवदया घडेल’ असे सुचवणारे हितचिंतक प्रत्येक इमारतीत भेटतात. ऑस्ट्रेलियाचा हा पक्षी दादरच्या खिडकीतून सोडला तर कावळे-घारी त्याला दोन दिवस जगू देणार नाहीत. याच जोडीने बाजारात पैसे मोजून पिंजऱ्यातील पक्षी सोडवून आणण्याच्या प्रथेचाही विचार व्हावा. १८३४ साली भुलेश्वरचा पांजरापोळ उभा राहिला तो जखमी, बेवारस जनावरांना आश्रय देण्यासाठी. त्या परंपरेचा अभिमान रास्तच आहे. परंतु मागणी वाढली की पुरवठा वाढतो, हे व्यापारी कुटुंबांना कोणी शिकवायला नको. पर्वाच्या दिवशी दहा पक्षी विकत घेऊन सोडले, तर पुढील पर्वापूर्वी पारधी वीस पकडून ठेवतो, आणि वाहतुकीत जे मरतात ते हिशेबात कोठेच दिसत नाहीत. तीच रक्कम पक्ष्यांच्या रुग्णालयाला देता येते.

पालिताणा किंवा शिखरजीची यात्रा ठरली, की पक्षी कोणाकडे ठेवायचा हा प्रश्न उभा राहतो. ज्या शेजाऱ्यांकडे तो राहणार असेल त्यांना निघण्याच्या दहा दिवस आधीपासून रोज घरी बोलवावे, त्यांच्या हातून राळ्याचे दाणे देववावेत, आणि पिंजरा नेताना जुनी खेळणी व ओळखीचे पांघरूण बरोबर द्यावे. वजनाची वही व पशुवैद्याचा क्रमांकही त्यांच्या हवाली करावा.