उसना आजोबा

मागच्या होळीला आमच्या पाड्यावर एक पाहुणे आले. गोड बोलले, चहा घेतला आणि म्हणाले, "तुमच्या आजोबांना एक भाऊ होता, असं लिहून अंगठा द्या." आजोबा तर एकुलते एक! आम्ही अंगठा दिला नाही.

हे कशासाठी? अनुसूचित जमातीचा दाखला पडताळताना वंशावळ द्यावी लागते. त्यात इंग्रज अमदानीतला शाळेचा किंवा जन्म-मृत्यूचा कागद भारी ठरतो. ज्याच्याकडे तो नाही, असा एखादा दुसऱ्याच्या घरातला पूर्वज उसना घेतो.

खोटं पकडायचं कसं? आधी सालं मांडा. बाप-लेकात नऊच वर्षांचं अंतर निघालं, तर समजा काय ते! शाळेचं मूळ रजिस्टर बघा. जातीच्या रकान्यात वेगळ्या शाईनं मागाहून शब्द जोडलेला असतो. १९९४ साली महाराष्ट्रातल्याच एका प्रकरणात सुप्रीम कोर्टानं निकाल दिला. दावा महादेव कोळी जमातीचा, जुन्या शाळेच्या नोंदीत मात्र 'हिंदू कोळी'. दावा टिकला नाही. त्याच निकालानं चौकशीची रीत घालून दिली. पथक गावात येऊन कुळ, देव, सोयरीक विचारतं. हे पाठ कुणाला? बायकांनाच. वंशावळीत आमची नावं नसतात, ते वेगळं दुखणं.

खोट्या माहितीवर दाखला मिळवला तर दोन वर्षांपर्यंत कैद आहे. पण तोवर आपल्याच एखाद्या पोरीची कॉलेजातली जागा गेलेली असते.

धरणात मणिबेलीची घरं गेली. आता आम्ही म्हाताऱ्यांना विचारून नावं वहीत उतरवतोय, लेकींचीसुद्धा.