मोजपट्टीचं गाव

मे महिना लागला की संध्याकाळच्या बातम्यांत चंद्रपूरचं नाव हमखास येतं. ‘आज पारा ४५ अंश सेल्सिअसवर.’ हे वाक्य कानांना इतकं सवयीचं झालंय, की सेल्सिअस हे एका माणसाचं आडनाव आहे हे लक्षातही राहत नाही. विदर्भाच्या उन्हाची मोजणी ज्याच्या नावाने होते, तो माणूस युरोपच्या पार उत्तरेकडच्या एका बर्फाळ गावात जन्मला, तिथेच शिकला, तिथेच प्राध्यापक झाला आणि क्षयाने वयाच्या ४२व्या वर्षी तिथेच गेला.

त्या गावाचं नाव उप्साला. स्वीडनच्या राजधानीपासून, स्टॉकहोमपासून उत्तरेला साधारण ७० किलोमीटरवर. आजही त्याची वस्ती दोन लाखांच्या आसपास, म्हणजे आपल्याकडच्या एखाद्या मध्यम शहराएवढीच. मधून फ्यूरिस नावाची लहानशी नदी वाहते. एका काठावर सुमारे ११९ मीटर उंचीचं विटांचं कॅथेड्रल आणि १४७७ साली स्थापन झालेलं विद्यापीठ. नॉर्डिक देशांतलं हे सर्वांत जुनं विद्यापीठ. एवढ्याशा गावातून जगभरच्या प्रयोगशाळांमध्ये, हवामानखात्यांमध्ये आणि शाळेच्या पुस्तकांत किती शब्द गेले, हे पाहू लागलं की अक्षरशः थक्क व्हायला होतं.

सुरुवात सेल्सिअसपासूनच करू. अँडर्स सेल्सिअस १७०१ साली जन्मले. वडील खगोलशास्त्राचे प्राध्यापक, दोन्ही आजोबा उप्सालातच प्राध्यापक, एक गणिताचे आणि एक खगोलाचे. १७३६ साली एक फ्रेंच तुकडी ध्रुववृत्ताजवळ लॅपलँडमध्ये मोजणीसाठी निघाली, तिच्यात ते सामील झाले. प्रश्न मोठा होता: पृथ्वी ध्रुवांपाशी चपटी आहे, की लिंबासारखी टोकाला निमुळती? बर्फाच्छादित प्रदेशात त्यांनी रेखावृत्ताच्या एका अंशाची लांबी मोजली. ती फ्रान्समधल्या अंशापेक्षा जास्त भरली. न्यूटनचं म्हणणं खरं ठरलं, पृथ्वी ध्रुवांपाशी चपटी. पाचवी-सहावीत आपण सगळ्यांनी घोकलेलं ते वाक्य गोठलेल्या नदीवर लाकडी दांड्या मांडून मिळवलेलं आहे.

परतल्यावर त्यांनी उप्सालात वेधशाळा उभारली. जुनं दगडी घर घेऊन त्यावर वेधाचा मजला चढवला. ती इमारत आजही बाजारपेठेच्या रस्त्यावर उभी आहे, रस्त्याला जरा तिरकी. उप्सालातच १७४१ साली त्यांचे सहकारी ओलोफ हिओर्टर यांना दिसलं, की आकाशात उत्तरध्रुवीय प्रकाश नाचू लागला की टेबलावरची चुंबकसुई थरथरते. लंडनमध्ये जॉर्ज ग्रॅहम यांच्या सुईचीही त्याच वेळी तशीच चलबिचल झाल्याचं पत्रांतून ताडून पाहता आलं. आकाशातली हिरवी झळाळी आणि टेबलावरची लोखंडाची काडी यांचा संबंध जोडणारी ही पहिली नोंद. मला स्वतःला ही गोष्ट थर्मामीटरपेक्षाही जास्त रोमांचक वाटते.

पण नाव राहिलं ते थर्मामीटरमुळे. त्या काळी युरोपात तापमानाच्या कितीतरी पट्ट्या होत्या, जो तो आपापली वापरी. सेल्सिअसनी दोनच खुंट्या पक्क्या केल्या: वितळणारा बर्फ आणि उकळतं पाणी. त्यातही खुबी अशी, की त्यांनी आधी खुंट्या हलवून पाहिल्या. बर्फाची खुंटी हवेच्या दाबाने हलत नाही, उकळीची मात्र हलते. महाबळेश्वरला पाणी १०० अंशांच्या आधीच उकळतं, ते याचमुळे. म्हणून त्यांनी उकळीसोबत वायुभारमापकाचा आकडाही ठरवून दिला. मोजपट्टी ही अशी बनते. आकडे कोरणं सोपं असतं, कुठल्या परिस्थितीत तो आकडा खरा धरायचा हे सांगणं कठीण.

आणि आता गंमत. १७४२ साली त्यांनी मांडलेली पट्टी उलटी होती. उकळत्या पाण्याला ० आणि बर्फाला १००. स्वीडनच्या हिवाळ्यात त्या पट्टीवर आकडा १००च्या वर चढायचा, उणे चिन्हाची भानगडच नाही. दोन वर्षांत सेल्सिअस वारले आणि लवकरच पट्टी सुलटी झाली. ती कोणी फिरवली याबद्दल त्यांचे उत्तराधिकारी मार्टेन स्ट्रोमर, उपकरणं बनवणारे डॅनियल एकस्ट्रोम आणि खुद्द लिनियस अशी तिघांची नावं घेतली जातात. तिघेही सेल्सिअसच्या ओळखीतले. १९४८ साली आंतरराष्ट्रीय परिषदेने ‘सेंटिग्रेड’ हे नाव बाजूला ठेवून ‘सेल्सिअस’ अधिकृत केलं. आपल्या घरात मात्र अजून दोन राज्यं नांदतात: अंगातला ताप फॅरनहाइटमध्ये, बाहेरचं ऊन सेल्सिअसमध्ये.

लिनियसचं नाव निघालंच आहे, पण त्यांच्या आधी रुडबेकना भेटायला हवं. ओलोफ रुडबेक यांनी विशीतच शरीरातल्या लसिकावाहिन्या शोधल्या आणि १६५२ साली क्रिस्टिना राणीसमोर त्यांचं प्रात्यक्षिक दाखवलं. विद्यापीठाच्या इमारतीवर घुमट चढवून त्याखाली त्यांनी शवविच्छेदनाचं प्रेक्षागृह बांधलं, तेही अजून पाहता येतं. १६५५ साली वनस्पतींची बाग लावली. मग म्हातारपणापर्यंत एक अवाढव्य ग्रंथ लिहून ते सिद्ध करत राहिले, की बुडालेलं अटलांटिस म्हणजे आपलं स्वीडनच. ते सपशेल चुकीचं होतं. माणसाची झेप एकाच आयुष्यात किती खरी आणि किती फसवी असू शकते! १७०२च्या मे महिन्यात उप्साला जळालं. रुडबेकचं घर, छपाईचे ठसे, चित्रं, बाग, सगळं गेलं, आणि त्याच वर्षी तेही गेले. त्यांच्या मुलीच्या वंशात पुढे जन्मले आल्फ्रेड नोबेल.

त्या जळक्या बागेत १७२८ साली एक फाटका विद्यार्थी आला. कार्ल लिनियस, दक्षिण स्वीडनमधल्या एका पाद्र्याचा मुलगा. बागेत झाडं न्याहाळताना तो ओलोफ सेल्सिअस या प्राध्यापकांना दिसला. ते अँडर्सचे काका. दोन-चार झाडांची नावं विचारली, पोराने धडाधड सांगितली. त्यांनी त्याला घरी नेलं, जेवू घातलं, आपली पुस्तकं उघडून दिली. पुढे रुडबेकच्या मुलाने, धाकट्या ओलोफ रुडबेकने, त्याला आपल्या मुलांची शिकवणी दिली आणि बागेत व्याख्यानं द्यायला उभं केलं. लिनियसनी ते उपकार एका पिवळ्या फुलाच्या कुळाला ‘रुडबेकिया’ नाव देऊन फेडले. १७४१ साली ते स्वतः तिथे प्राध्यापक झाले आणि त्यांनी बाग नव्याने उभी केली. ती सेल्सिअसच्या वेधशाळेच्याच रस्त्यावर आहे, चालत पाच-सात मिनिटांवर.

लिनियसनी नेमकं केलं काय? त्यांच्या आधी झाडाचं शास्त्रीय नाव म्हणजे लॅटिनमधलं लांबलचक वर्णन असे: अमुक पानांचं, तमुक खोडाचं, काटे नसलेलं. १७५३च्या ‘स्पिशीज प्लँटारम’ या ग्रंथात त्यांनी सुमारे ६,००० वनस्पतींना दोन शब्दांची नावं दिली. आधी कुळ, मग व्यक्ती. शाळेच्या हजेरीपटावर आडनाव आधी येतं, तसंच. आंबा म्हणजे मँजिफेरा इंडिका, पिंपळ म्हणजे फायकस रिलिजिओसा, नारळ म्हणजे कोकोस न्यूसिफेरा. चिंच, सुपारी, वड आणि भात या सगळ्यांचं बारसं त्याच ग्रंथात झालं. पाच वर्षांनी प्राण्यांच्या ग्रंथात त्यांनी तोच नियम लावला आणि आपल्यालाही नाव दिलं: होमो सेपियन्स.

लिनियस भारतात कधीच आले नाहीत. मग पिंपळ त्यांना ठाऊक झाला कसा? सुकवलेले नमुने आणि पुस्तकं यांतून. यातलं महत्त्वाचं पुस्तक ‘हॉर्टस मलबारिकस’. कोचीनचे डच अधिकारी व्हॅन ऱ्हीड यांनी करवून घेतलेला हा १२ खंडांचा ग्रंथ १६७८ ते १६९३ या काळात ॲमस्टरडॅमला छापला गेला. त्याची माहिती पुरवली इट्टी अच्युतन या मल्याळी वैद्याने आणि रंग भट, विनायक पंडित, अप्पू भट या तीन कोकणी वैद्यांनी. या तिघांनी १६७५ साली दिलेलं कोकणी भाषेतलं, नागरी लिपीतलं प्रमाणपत्र पहिल्या खंडात जसंच्या तसं छापलेलं आहे. उप्सालातल्या टेबलावर लिनियस हा ग्रंथ उघडत असतील, तेव्हा ही नागरी अक्षरंही त्यांच्या डोळ्यांखालून गेली असतील, या कल्पनेनेच अंगावर काटा येतो.

पारिजातकाची गोष्ट याहूनही जवळची. त्याचं शास्त्रीय नाव निक्टँथस आर्बोर-ट्रिस्टिस. पहिला शब्द म्हणजे ‘रात्रीचं फूल’, दुसरा म्हणजे ‘दुःखी झाड’. हे दुःख आलं गोव्यातून. पोर्तुगीज वैद्य गार्सिया द ओर्ता यांनी १५६३ साली गोव्यात छापलेल्या ग्रंथात या ‘उदास झाडा’वर एक प्रकरण लिहिलं आणि इथे ऐकलेली कथाही नोंदवली: एका थोर घराण्यातल्या मुलीचं सूर्यावर प्रेम बसलं, त्याने तिला टाकलं, तिने जीव दिला, तिच्या राखेतून हे झाड उगवलं, म्हणून सूर्य उगवला की ते फुलं ढाळतं. आपल्याकडे हेच झाड सत्यभामेच्या अंगणात असतं आणि फुलं रुक्मिणीच्या अंगणात पडतात. गोव्यात कुणीतरी ओर्ताला सांगितलेली दुसरी कथा मात्र १९० वर्षांनी उप्सालात कायमच्या नावात गोठली.

लिनियसचे वर्ग चार भिंतींत मावत नसत. सैल कपड्यांतले विद्यार्थी घेऊन ते दिवसभर माळरानं तुडवत आणि संध्याकाळी ही मिरवणूक कर्णे-नगारे वाजवत गावात परते. त्यांचे शिष्य जहाजांवरून जपानपासून अमेरिकेपर्यंत गेले. काही परतले नाहीत.

या मोठ्या नावांच्या आड एक औषधविक्या उभा आहे, त्याला ओलांडून जाववत नाही. कार्ल विल्हेल्म शेले उप्सालातल्या एका औषधाच्या दुकानात नोकरीला होता. १७७०च्या आसपास त्याने तिथेच प्राणवायू वेगळा केला आणि त्याला नाव दिलं ‘अग्निवायू’. पण त्याचं पुस्तक छापून यायला १७७७ साल उजाडलं. तोवर इंग्लंडमध्ये जोसेफ प्रीस्टली यांनी आपला शोध जाहीर केला होता.

एकोणिसाव्या शतकात अँडर्स ऑंगस्ट्रॉम यांनी सूर्यप्रकाशाच्या पट्ट्यातल्या काळ्या रेषा मोजल्या आणि सूर्यावर हायड्रोजन असल्याचं दाखवलं. १८६८च्या त्यांच्या नकाशात लांबीचं एकक होतं मीटरचा हजार कोटीवा भाग. अणूअणूंमधलं अंतर आजही ‘ऑंगस्ट्रॉम’मध्ये सांगतात. १८७२ साली बेटी पेटरसन या विद्यापीठात दाखल झाल्या, स्वीडनच्या पहिल्या विद्यार्थिनी. १८८४ साली स्वांते अर्हेनियस यांच्या प्रबंधाला परीक्षकांनी जेमतेम पास केलं. क्षार पाण्यात विरघळले की त्यांचे विद्युतभारित तुकडे होतात, हे परीक्षकांना पटत नव्हतं. त्याच विचाराला १९०३ साली नोबेल मिळालं.

विज्ञान शाखेत शिकलेल्यांना आठवत असेल: जिवाणूतला रायबोसोम ‘७० एस’, आणि त्याचे दोन भाग ५० एस व ३० एस. ५० आणि ३० मिळून ७०? वर्गात कुणीतरी हात वर करतंच. या ‘एस’मध्ये उप्साला दडलंय. गुस्ताफ द लावाल हे इथलेच डॉक्टरेट. दूध गरगर फिरवून मलई वेगळी काढणारं, आज गावोगावच्या डेअरीत असतं तसं यंत्र त्यांनी १८७८ साली बनवलं. पुढे उप्सालाचे थिओडोर स्वेडबेरी यांनी हेच फिरवणं इतकं वेगवान केलं, की त्यात मलईऐवजी प्रथिनाचे रेणू तळाशी बसू लागले. तळाकडे सरकण्याची ही चपळाई मोजण्याचं एकक म्हणजे ‘स्वेडबेरी’, अर्थात एस. ते वजन नव्हे, चक्क काळ आहे: सेकंदाच्या दहा लाख कोटी भागांपैकी एक. सरकण्याचा वेग वजनासोबत आकारावरही ठरतो. दोन तुकडे एकमेकांना चिकटले की गठ्ठ्याचा आकार बदलतो, म्हणून बेरीज ८० येत नाही, ७० येते.

टेकडीवरच्या किल्ल्यात वाढलेले डाग हॅमरशोल्ड संयुक्त राष्ट्रांचे महासचिव झाले, १९६१ साली आफ्रिकेत शांततेच्या कामावर असताना विमान अपघातात गेले आणि पुरायला परत इथेच आले. चित्रपट-दिग्दर्शक इंगमार बर्गमन १९१८ साली इथे जन्मले आणि ‘फॅनी अँड अलेक्झांडर’साठी कॅमेरा घेऊन इथेच परतले.

एवढं सगळं एकाच गावात का? माझं उत्तर ओलोफ सेल्सिअसच्या जेवणाच्या टेबलावर आहे. भुकेला विद्यार्थी घरी नेणारा एक प्राध्यापक, त्याला आपली बाग सोपवणारा दुसरा, मेलेल्या मित्राची पट्टी सुलटी करून पुढे चालवणारे सहकारी. पैशाने विद्यापीठं बांधता येतात. ही रीत मात्र घराघरांतून चालत यावी लागते.

सेल्सिअसची कबर गावाबाहेर, जुन्या उप्सालाच्या चर्चमध्ये आजोबांशेजारी आहे. त्यांचे गुरू एरिक बुर्मान यांनी १७२२ साली तापमानाची रोजची वही सुरू केली, तेव्हा तरुण अँडर्स त्यांच्या हाताखाली होता. ३०० वर्षांहून जुनी ती नोंद जगातल्या सर्वांत जुन्या तापमान-नोंदींपैकी एक आहे, आणि उप्सालात तापमान आजही मोजलं जातं.