मज्जातंतूंचा आधार

मज्जापेशीतून निघालेला तंतू स्वतःच वाढत दूरच्या स्नायूपर्यंत पोहोचतो, की वाटेतील अनेक पेशी सांधल्या जाऊन तो सिद्ध होतो, हा वाद एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीसही मिटला नव्हता. आणि मृत, रंगविलेल्या ऊतींचे काप कितीही बारकाईने तपासले तरी त्यांत वाढीची क्रिया प्रत्यक्ष दिसणे शक्य नसल्यामुळे, मज्जासंस्थेचे स्पॅनिश अभ्यासक काहाल यांच्यासारख्या थोर निरीक्षकाच्या साक्षीनेही त्याचा निकाल सर्वमान्य होईना. १९०७ साली अमेरिकेत रॉस हॅरिसन यांनी बेडकाच्या गर्भातील, अद्याप तंतू न फुटलेल्या मज्जानलिकेचा तुकडा बेडकाच्याच लसिकेच्या थेंबात ठेवून तो थेंब काचेला उलटा टांगला, आणि जिवंत तंतू पुढे सरकताना सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला.

या प्रयोगाची कीर्ती त्या वादामुळे झाली. मला मात्र त्यातील आधाराची हकीकत अधिक मोलाची वाटते. लसिका थिजून तिच्यात सूक्ष्म धाग्यांचे जाळे बनले, म्हणूनच तंतूंना पुढे जाण्यास काहीतरी धरता आले. ही गोष्ट हॅरिसन यांनी दुर्लक्षिली नाही. १९१४ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत त्यांनी कोळ्याच्या जाळ्याचे धागे ताणून बसविण्याची तजवीज केली, तेव्हा गर्भपेशी त्या धाग्यांना बिलगून लांबट होत व त्यांच्याच रोखाने सरकत.

वाढत्या तंतूच्या टोकाशी पंजासारखा पसरट भाग असतो. त्यातून बोटांसारखे बारीक प्रवर्ध सतत बाहेर पडतात व मागे घेतले जातात. त्यांच्या आतील ॲक्टिन या प्रथिनाचे धागे मागे ओढले जात असतात. प्रवर्धाची पृष्ठभागावर पकड बसली, की ती ओढ पंजाला पुढे नेण्याच्या कामी येते, आणि पकड न बसल्यास ती वाया जाते.

काच आणि पेशीचे आवरण या दोहोंवर ऋण विद्युतभार असल्याने, प्रयोगशाळेत ही पकड बसावी म्हणून काचेवर प्रथम पॉलिलायसिन या धनभारित पदार्थाचा लेप देतात. १९७५ साली पॉल लेटर्नो यांनी कोंबडीच्या गर्भातील मज्जापेशींवर प्रयोग करून दाखविले, की निरनिराळे पृष्ठभाग शेजारी असता तंतू अधिक चिकट पृष्ठभागाची वाट धरतात. परंतु नुसता चिकटपणा पुरेसा नाही, हे पुढील संशोधनात दिसले: शरीरात पेशींभोवती स्वभावतःच आढळणाऱ्या लॅमिनिन या प्रथिनावर तंतूंची पकड पॉलिलायसिनवरील पकडीइतकी घट्ट नसूनही ते झपाट्याने वाढतात, कारण पेशीच्या आवरणावरील इंटिग्रिन नावाची ग्राहक प्रथिने लॅमिनिन ओळखून धरतात आणि तो स्पर्श पेशीच्या अंतर्भागास कळवितात; म्हणूनच अनेक प्रयोगशाळांत पॉलिलायसिनवर लॅमिनिनचा दुसरा लेप चढविण्याचा परिपाठ आहे.