वीज वाचावी आणि माणूसही

उस्मानशाही गिरणी पाहिलेल्या नांदेडला सुताची गोष्ट काय सांगावी? कोरड्या हवेत सूत तुटते, म्हणून कताई खात्यात हवा मुद्दाम दमट ठेवतात. परंतु दमट हवेत कामगाराचा घाम वाळत नाही, जीव कासावीस होतो. म्हणूनच १९४८च्या कारखाने कायद्याने खेळत्या हवेचे आणि सोसवेल अशा तापमानाचे बंधन मालकांवर घातले.

आज यंत्रे स्वतःच उष्णता मोजून गारवा कमीजास्त करतात. पण नुसती उष्णता मोजून भागत नाही. ओलावा आणि वाराही मोजावा लागतो. लातूरच्या कोरड्या वैशाखात पाण्याचा कूलर पुरतो. मृगानंतर हवा ओलावली की तोच कुचकामी ठरतो.

१ जानेवारी २०२०पासून नव्या वातानुकूलन यंत्रांचा मूळ अंश २४ ठरविला गेला. एक अंश वाढविला की सुमारे ६ टक्के वीज वाचते, असा सरकारी हिशेब आहे. जोडीला पंखा असला, तर वाढलेला अंश जाणवतही नाही.

काटकसर आम्हांलाही हवी. पण ती दुसऱ्याच्या घामावर नको. मापक साहेबांच्या खोलीत नव्हे, काम करणाऱ्याच्या शेजारी बसवा. एवढेच आमचे मागणे आहे.